उतारशाळेचा खर्च कोणी द्यावा?

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७, निर्गम २१:१८-१९, अनुवाद २१:१-९



चांगल्या शोमरोन्याचा दाखला शब्बाथशाळेत शिकविताना मुले हटकून एक प्रश्न विचारतात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. याजक का थांबला नाही, हे ती विचारत नाहीत. लेवी कोण होता, हेही विचारत नाहीत. ती विचारतात, "त्या लुटारूंचे पुढे काय झाले? ते सापडले का?" शिक्षक जरा गोंधळतात, कारण दाखल्यात त्याचे उत्तर नाही. लुटारू आरंभालाच येतात, मारतात, लुटतात आणि निघून जातात. पुढे प्रभू त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही. त्याची नजर वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसावरून हलत नाही.

मुलांचा प्रश्न चुकीचा नाही. गुन्हेगार सापडावा व त्याला शिक्षा व्हावी, हे न्यायाला धरूनच आहे, आणि अधिकाऱ्याच्या हाती तलवार उगीच दिलेली नाही असे पौलही रोमकरांस सांगतो. परंतु आपण मोठी माणसेसुद्धा बहुधा त्याच एका प्रश्नापाशी थांबतो. गावात चाकूहल्ला झाला, खून पडला, तर चौकात, एस. टी. त, उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर जे बोलणे होते ते आरोपीविषयी. तो कोण, कोणाचा, पकडला की नाही, किती वर्षांची होईल? ज्याला मार बसला त्याच्या औषधाचे बिल कोणी भरले, त्याच्या बुडालेल्या रोजाचे काय, विधवेने मुलांची फी कोठून आणावी, हे विचारणारे थोडे. या महिन्यात आपण त्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

एका परक्या देशातील निवडणूक

आपल्याकडे सरकारी वकिलाची नेमणूक सरकार करते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. त्याला तेथे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी म्हणतात. खटला कोणावर भरावा, आरोप कोणता ठेवावा, हे बरेचसे त्याच्या हाती असते. त्यामुळे त्याच्या निवडणुकीत भाषणे होतात ती शिक्षेवर. एक उमेदवार म्हणतो, मी गुन्हेगारांना कडक शिक्षा देववीन. दुसरा म्हणतो, तुरुंग भरून गुन्हे कमी होत नाहीत. या गलबल्यात एखादा उमेदवार असेही म्हणतो की ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांना भरपाई मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणे हे सरकारी वकिलाच्या कचेरीचे काम आहे.

हे बोलणे केवळ मते मिळविण्यापुरते आहे, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. माणसाचे अंतःकरण देव जाणतो. पण कोलोरॅडो राज्यातील व्यवस्था पाहिली तर त्या बोलण्याला वजन आहे हे कळते. त्या राज्यात भरपाईचे काम राजधानीतून चालत नाही. ते प्रत्येक न्यायिक जिल्ह्यात सरकारी वकिलाच्या कचेरीतून चालते. अर्जाचा निकाल देणारे तीन जणांचे मंडळ असते, व ते तिघे सरकारी वकीलच नेमतो. पैसा येतो तो मुख्यतः दोषी ठरलेल्या लोकांकडून न्यायालयात घेतलेल्या रकमांतून. त्यातून औषधोपचार, मानसिक उपचार, बुडालेली मजुरी, अंत्यविधीचा खर्च इतकेच नव्हे, तर हल्लेखोराने घराचे दार किंवा कुलूप मोडले असेल तर ते नवे बसविण्याचा खर्चही देता येतो. ज्या बाईच्या घरात रात्री कोणी दार फोडून शिरला, तिला त्या नव्या कुलपाची किंमत काय वाटत असेल, याचा विचार करावा. अशा ठिकाणी हे काम मनापासून करणारा माणूस त्या खुर्चीवर बसला की नाही, यावर कित्येक घरांचे भवितव्य अवलंबून असते.

त्या देशाच्या निवडणुकीत आम्हांला पक्ष घ्यायचा नाही. तो तेथील मतदारांचा प्रश्न आहे. परंतु त्या उमेदवाराने जी गोष्ट पुढे मांडली तिच्याविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते, हे पाहणे आपले काम आहे.

चारशे बेचाळीस वर्षांचा हप्ता

ही कल्पना मुळात निवडणुकीतून निघालेली नाही. तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत इंग्लंडमधील मार्जरी फ्राय या बाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. क्वेकर पंथाच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला होता, आणि त्यांचे बहुतेक आयुष्य कैद्यांची स्थिती सुधारण्याच्या कामी गेले. कैद्याला माणूस म्हणून वागवा, असे सांगत फिरणाऱ्या या बाईंच्या ध्यानात आले की कैद्याने ज्याला जखमी केले त्या माणसाकडे तर कोणाचेच लक्ष नाही. १९५७ साली त्यांनी ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला व त्यात एक उदाहरण दिले. १९५१ साली एका माणसाला मारहाणीत अंधत्व आले. न्यायालयाने त्याला ११,५०० पौंडांची भरपाई मंजूर केली. मारणारे दोघे होते, आणि दोघांनी दर आठवड्याला पाच-पाच शिलिंग द्यावेत असे ठरले. मार्जरीबाईंनी हिशेब मांडून दाखविला. शेवटचा हप्ता हाती पडण्यासाठी त्या आंधळ्या माणसाला आणखी ४४२ वर्षे जगावे लागले असते.

वाचकहो, हा हिशेब आपणही करून पाहावा. न्यायालयाचा निवाडा कागदावर बिनचूक होता, आणि तरी त्या माणसाच्या हाती पडणार होते आठवड्याला दहा शिलिंग. गुन्हेगार बहुधा गरीबच असतो. कित्येकदा तो तुरुंगात असतो, कित्येकदा सापडतच नाही. म्हणून मार्जरीबाईंचे म्हणणे असे होते की हा भार सर्व समाजाने उचलावा. १९५८ साली त्यांचे निधन झाले. आपल्या म्हणण्याचे फळ त्यांना पाहता आले नाही. न्यूझीलंडने १९६३ साली तसा कायदा केला, ब्रिटनमध्ये १९६४ साली योजना सुरू झाली, आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९६५ साली पहिले पाऊल टाकले. १९८४ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने या कामासाठी एक निधी उभारला. त्यात मुख्यतः गुन्हेगारांकडून वसूल केलेला दंडच जमा होतो. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९८५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या न्यायासंबंधीचा जाहीरनामा मान्य केला.

मोशेचे नियमशास्त्र काय सांगते?

आता निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाकडे वळू. दोघे भांडले, एकाने दुसऱ्याला दगडाने किंवा बुक्कीने मारले, आणि मार खाणारा मेला नाही पण अंथरुणास खिळला, तर काय करावे? पुढे तो काठी टेकीत बाहेर हिंडू लागला तर मारणाऱ्याला सोडावे. मात्र त्याचा जितका वेळ फुकट गेला त्याची भरपाई मारणाऱ्याने करावी, आणि तो पुरा बरा होईपर्यंत त्याची व्यवस्था पाहावी. बुडालेली मजुरी व औषधपाणी, या दोनच गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. आजच्या भरपाईच्या योजनांतही या दोन गोष्टी असतात.

पण मारणारा सापडलाच नाही तर? त्याचा विचार अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. रानात एखाद्याचे प्रेत पडलेले आढळले व मारणारा कोण ते कळले नाही, तर वडिलांनी व न्यायाधीशांनी तेथे जावे आणि आसपासच्या नगरांचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळचे निघेल त्याच्या वडीलजनांनी पुढे यावे, कालवडीचा विधी करावा, हात धुवावेत आणि देवाकडे क्षमेची याचना करावी. यात पैशाची भरपाई सांगितलेली नाही, हे खरे. परंतु तत्त्व लक्षात घ्यावे. गुन्हेगार सापडला नाही म्हणून रक्ताची जबाबदारी वाऱ्यावर सोडायची नाही. दोरी घेऊन अंतर मोजायचे. आमचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याची सोय सर्वांत जवळच्या नगराला देवाने ठेवली नाही.

इस्राएलाच्या शेजारच्या राष्ट्रांनाही हे थोडेबहुत उमगले होते. बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या पुरातन कायद्यात असे आहे की लुटारू पकडला गेला नाही तर लुटलेल्या माणसाची हानी त्या नगराने व तेथील अधिकाऱ्याने भरून द्यावी, आणि माणूस मारला गेला असेल तर त्याच्या आप्तांना एक मीना चांदी द्यावी. ज्यांना सीनायचे नियमशास्त्र मिळाले नव्हते त्यांना जे समजले, ते प्रभूच्या लोकांना समजू नये काय?

तीन शंका

पहिली शंका अशी की रक्ताची किंमत पैशाने कशी होईल? ती होत नाहीच. गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायात खुन्याचा जीव वाचविण्यासाठी खंड घेण्याची साफ मनाई आहे. श्रीमंताने मारावे आणि पैसे टाकून सुटावे, याला शास्त्रात जागा नाही. आपण ज्या भरपाईविषयी बोलत आहो ती शिक्षेच्या ऐवजी नाही. ती शिक्षेबरोबर आहे, आणि शिक्षा झाली नाही तरीही आहे. मेलेल्याची किंमत म्हणून ती दिली जात नाही. मागे राहिलेल्यांच्या भाकरीसाठी ती आहे.

दुसरी शंका : ज्याला मार बसला तो तरी कोठे धुतल्या तांदळासारखा होता? ही शंका कायद्यातही शिरली आहे. हल्ल्यात त्या माणसाचा स्वतःचा काही दोष होता का, हे अमेरिकेतील राज्यांत पाहिले जाते. काही राज्यांनी तर पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला भरपाई नाकारण्याचे नियम केले. खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून चौकशी हवी, हे आम्ही मान्य करतो. पण यरीहोच्या वाटेवर शोमरोन्याने कोणती चौकशी केली? हा एकटा का निघाला, याचे पूर्वीचे वर्तन कसे, हा आपल्या जातीचा की यहूदी, यांपैकी काही त्याने विचारले नाही. त्याने जखम पाहिली. तेल व द्राक्षारस ओतून ती बांधली, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. वर अधिक खर्च लागला तर परत येताना देईन, असेही तो सांगून गेला. त्याच्या दयेला हिशेब होता, पण अट नव्हती.

तिसरी शंका आपल्या घरातली आहे, आणि तिच्याविषयी बोलताना आम्हांला लाज वाटते. ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, त्याने भरपाई कशी मागावी, असे आपण म्हणतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुणावर रात्रपाळीहून परतताना हल्ला झाला. तो फिटर होता. जीव वाचला, पण उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. हल्लेखोर सापडले नाहीत. मंडळीने प्रार्थना केल्या. स्त्रियांच्या मंडळाने आठ दिवस डबे पोहोचविले. आम्ही त्याच्या खाटेशी बसून त्याला सांगितले, "बाळा, क्षमा कर आणि विसरून जा. देव पुरवठा करील." त्यानेही मान हलविली. नवव्या दिवसापासून ज्याचे त्याचे संसार सुरू झाले. पुढे दोन वर्षांत त्याच्या पत्नीच्या अंगावरचे मणी-मंगळसूत्र विकले गेले, मोठी मुलगी शाळेतून काढावी लागली. मग शब्बाथशाळेच्या एका शिक्षकाने, जे न्यायालयात कारकून होते, त्याला विचारले, "तुम्ही भरपाईचा अर्ज केला होता ना?" असा काही अर्ज असतो हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. चौकशी केली तेव्हा मुदत उलटून गेली होती. आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पाळकसाहेब, क्षमा मी पहिल्याच रात्री केली होती. पण मुलीची फी क्षमेने भरता येईना."

त्या दिवसापासून आम्ही ती तिसरी शंका कोणापुढे मांडली नाही. जक्कयाचे उदाहरण पाहा. मी कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, असे तो म्हणाला, तेव्हा प्रभूने त्याला असे सांगितले नाही की राहू दे, लोकांनी तुला क्षमा करावी म्हणजे झाले. उलट त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे प्रभूने तेव्हाच जाहीर केले. पौलाने फिलेमोनाला अनेसिमाचा स्वीकार करण्याची विनंती केली, पण त्याचे काही नुकसान झाले असेल तर ते माझ्या खाती मांड, असेही स्वतःच्या हाताने लिहून दिले. आणि फिलिप्पैची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. बंदिशाळेच्या नायकाने विश्वास धरला आणि त्याच रात्री पौल व सीला यांच्या पाठीवरील जखमा धुतल्या. त्याच्या पश्चात्तापाचे पहिले फळ ते होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडण्याचा निरोप पाठविला, तेव्हा पौल निमूट निघून गेला नाही. आम्हांला चौकशीवाचून उघड फटके मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. ज्याने नायकाला प्रेमाने जवळ केले त्यानेच न्याय मागितला. क्षमा आणि न्याय या एकाच घरातील दोन बहिणी आहेत. एकीला बोलावताना दुसरीला दाराबाहेर उभी करू नये.

आपल्या देशात काय आहे?

अमेरिकेत काय आहे ते ऐकून आपण केवळ माना डोलवू नयेत. आपल्या देशातही वाट आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमाने आरोपीकडून भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयाला होता, पण तो क्वचितच वापरला जाई. महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. त्याआधी, २००९ च्या अखेरीस, ३५७-अ हे नवे कलम अमलात आले होते. त्यानुसार प्रत्येक राज्य सरकारने गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी भरपाईची योजना करावी, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तिच्या ३९६ व्या कलमात ही तरतूद कायम आहे.

तिच्यातील एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. गुन्हेगार सापडला नाही, कोण ते कळले नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी बळी पडलेल्या व्यक्तीला किंवा तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. या प्राधिकरणाची कचेरी बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. रक्कम व मुदत राज्याराज्यांत निराळी आहे, म्हणून बेळगावच्या माणसाने कर्नाटकाची, इंदूर-ग्वाल्हेरच्या माणसाने मध्य प्रदेशाची, पणजीच्या माणसाने गोव्याची योजना विचारावी. अ‍ॅसिड टाकलेल्यांना निदान तीन लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सर्व राज्यांना सांगितले. त्यांच्यावर व अत्याचार झालेल्या स्त्रियांवर सरकारी व खाजगी दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांनी ताबडतोब व विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असाही कायदा आहे. हे ज्ञान वकिलांच्या कपाटात राहून उपयोगी नाही. ते मंडळीच्या सूचनाफलकावर आले पाहिजे.

आपण काय करावे?

प्रत्येक मंडळीने एक-दोन जाणती माणसे नेमावीत. हल्ला झालेल्या घरी प्रार्थनेला जाताना त्यांनी बरोबर जावे, आणि फिर्यादीची नक्कल, दवाखान्याची बिले, पगाराचा दाखला हे कागद जपून ठेवायला सांगावे. अर्ज भरायला बसावे, कचेरीत बरोबर जावे. घर आपल्या मंडळीचे की बाहेरचे, हे पाहू नये. शोमरोन्याने पाहिले नव्हते. आठ दिवसांच्या डब्यानंतर नववा दिवस येतो, तो विसरू नये. आणि क्षमेचा बोध जखमी माणसाला घाईने करू नये. क्षमा तो आणि देव मिळून पाहतील. आपल्या वाट्याला जखम बांधण्याचे काम आले आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना विशेष विनंती आहे. यापुढे मुलांनी लुटारूंचे काय झाले असे विचारले, तर त्यांना गप्प करू नका. त्यांना सांगा की लुटारूंना शोधणे हे राजाच्या शिपायांचे काम होते, आणि ते त्यांनी करायलाच हवे होते. मग त्यांनाच उलट विचारा, "उतारशाळेच्या रक्षकाचे पैसे कोणी दिले?" मुले उत्तर देतील. पुढे ती मोठी होतील, कोणी वकील होईल, कोणी न्यायाधीश, कोणी मतदार तर सगळीच होतील. त्या वेळी कोणी उमेदवार त्यांच्या दारी येऊन न्यायाच्या गोष्टी बोलला, तर त्याला कोणता प्रश्न विचारावा हे त्यांना ठाऊक असेल.

आमच्या त्या फिटर बंधूची मुलगी पुढे पुन्हा शाळेत जाऊ लागली. मंडळीने तिची फी भरली, उशिरा का होईना. त्याचा हात मात्र अजून वर होत नाही. उपासनेत आशीर्वादाच्या वेळी तो डावा हात पुढे करतो, आणि आम्हांला दर रविवारी आमची चूक आठवते.

हे देवबापा, वाटेच्या पलीकडल्या बाजूने निघून जाणाऱ्यांत आमची गणना होऊ देऊ नकोस. ज्यांच्या जखमा आम्ही शब्दांनी झाकल्या त्यांची आम्हांला आठवण दे. ज्याने आमच्यासाठी सर्व खर्च स्वतः सोसला व जो परत येणार आहे, त्या तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.